डोकं, पोट आणि शेपूट

३ जानेवारी १९८२, रविवार. मोहाडी

फाडलं! परसरामनं दाढीचं ब्लेड घेतलं, कादंबरी पालथी केली आणि सरळ शिवणीत घातलं. मी डोळेच मिटले. पुस्तक वाचनालयाचं, आणि वाचनालयाचा चिटणीस कोण? तर मीच! कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं.

पण इलाज नव्हता. पैज परसरामचीच — या वर्षी तिघांनी महिन्याला एक कादंबरी वाचायची, बारा महिने बारा, आणि शेवटच्या रविवारी बसून मत सांगायचं. प्रत एक, वाचणारे तीन. त्यात पुंडलिकराव गुरुजी एका पुस्तकाला एकटेच महिना लावतात. परसराम म्हणाला, 'मंग तीन तुकडे करू ना बाप्पा! एकाले डोकं, एकाले पोट, एकाले शेपूट. वाचून झालं का बदलू. आखरीले शिवून टाकू.' ज्याला शेपूट आधी येईल त्यानं शेवट फोडायचा नाही, ही त्याची अट. माझी अट वेगळी — 'चांगली आहे', 'बरी आहे' हे मत चालणार नाही. काय चांगलं, काहून चांगलं, ते सांगायचं. चिठ्ठ्या टाकल्या. मला पोट आलं. कोण कुणाची बायको, कोण कुणाचा भाऊ, काही पत्ता लागत नाही!

बसायची जागा शाळेची ओसरी, किल्ली गुरुजींकडे असते. आमच्या घरी जमत नाही. आईनं परसरामचा कप वेगळा ठेवला आहे, कोनाड्यात. चौथीपासून आम्ही एका बाकावर बसलो, तरी कप वेगळा. तो काही बोलत नाही. मीही बोलत नाही.

३१ जानेवारी, रविवार

पहिली बैठक. कादंबरी खानावळ चालवणाऱ्या विधवेची. शेवटी ती नदीत जीव देते. मी फार हळहळलो होतो. गुरुजी म्हणाले, 'अंगावर काटा आला.' त्यांना पेपरातलं हवामान वाचूनही काटा येतो.

आणि परसराम पेटला! 'मी विचारतो, ते मेली काहून? खानावळ चालत होती, पोरगं शिकून राहिलं होतं. जिवंत बाईचं पुढं काय कराव ते लेखकाले समजलं नाही, म्हणून देल्ली ढकलून. नदी फुकटची भेटली त्याले!' हात हवेत, आवाज चौकापर्यंत. मी तावातावानं भांडलो. म्हटलं, तुला दया-माया नाही. तो म्हणाला, 'दया आहे म्हणूनच सांगून राहिलो ना बे!' चहा गार झाला. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात भांडत होतो, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांनी इतकं बरं वाटलं.

दिवसभर हा माणूस काळ्या भुकटीत उभा असतो. तुमसरच्या वाटेवर एका शेठची चक्की आहे. चिखल्याच्या खाणीतून ट्रकनं मॅंगनीजचा दगड येतो, तो तिथं दळतात. बंद खोलीत पोती भरायची, ते परसरामचं काम. कानात काळं, नखांत काळं. मॅट्रिक पास झालेला माणूस! नोकरीचे अर्ज करून करून थकला आणि तिथं लागला.

१ फेब्रुवारी

पुस्तक शिवलं. दाभण बोटात गेलं. शिवण थोडी वाकडी आली, पण कोण पाहतो!

२८ फेब्रुवारी, रविवार

आज परसराम गुरुजींच्या अंगावर ओरडला. 'तुमाले काय समजते!' म्हणाला. गुरुजींना! मी तर थक्क झालो. लगेच त्यानं त्यांचे पाय धरले. रात्री झोप लागत नाही म्हणतो. चक्कीवर मुकादमाशीही वाजलं म्हणे.

मत मात्र खणखणीत. या महिन्याची कादंबरी गाव सुधारायला आलेल्या शहरातल्या तरुणाची होती. परसराम म्हणाला, 'अख्ख्या गावात एकाही माणसाले नाव नाही. "एक म्हातारा", "एक बाई". त्याले गाव सुधरवाचं होतं का आपला फोटो काढाचा होता?' गुरुजी हसून हसून खोकले. माझा विचार होता पुस्तकाची तारीफ करायचा. टिपणाचा कागद घडी करून खिशात टाकला.

१० मार्च. धुळवड

चौकात परसराम एकटाच उभा होता, एका बकरीकडे पाहून हसत. पोट धरून. थांबेचना! पोरं गोळा झाली. लोक म्हणाले, भांग चढली. मीही म्हटलं, भांगच.

२८ मार्च, रविवार

उशिरा आला. मत विचारलं तर 'बरी आहे.' म्हटलं, अट काय आहे आपली? 'बरी आहे ना बे.' बस्स. आवाज एका सुरात, जमिनीकडे पाहून. गुरुजी समजूत काढत म्हणाले, 'शेपूट आधी त्याच्याकडे होतं ना, म्हणून रस गेला असेल.' असेल. शेवटाकडून वाचलं की माणूस उबगतोच.

पण चिठ्ठ्यांचं काय? वाचताना पानांत चिठ्ठ्या ठेवून आम्हाला टोमणे मारायची त्याची सवय. या वेळची चिठ्ठी मुंगीच्या अक्षरात! पहिली ओळ जरा तरी वाचता येते, शेवटची भिंगातूनही नाही. तहसील कचेरीत नकला करून माझं पोट चालतं, अक्षर मला कळतं. असं अक्षर माणूस मुद्दाम काढतो. राग आला.

१९ एप्रिल

ही चौथी कादंबरी वाचवत नाही. एका मास्तरची मुलगी तापानं जाते. पोट वाचलं आणि पुस्तक धानाच्या कोठीमागं लपवलं. बायकोच्या, निर्मलाच्या, हाती लागायला नको.

आमची चंद्रकला अशीच गेली. ताप, मग झटके, मग काहीच नाही. तिला नेलं तेव्हा माझे हात चालत नव्हते. खड्डा परसरामनं खणला. तिला माझ्याजवळून घेतलं त्यानंच. लोक गेले तरी तो गेला नाही, आमच्या अंगणाबाहेर शेताच्या धुऱ्यावर बसून राहिला. आईनं त्या दिवशी त्याला आत ये म्हटलं होतं. तो म्हणाला, 'बसतो इथंच.'

या पुस्तकाबद्दल मला बोलायचं आहे. आणि ते फक्त त्याच्यासमोर बोलता येईल.

२५ एप्रिल, रविवार

हसला.

मी ते पान वाचून दाखवत होतो. मास्तर मुलीच्या चपला पिशवीत भरतो, ते पान. माझा आवाज फाटला. वर पाहिलं तर परसराम हसतो आहे. आधी गालात, मग मोठ्यानं, मग ख्याँ ख्याँ करून, मान मागं टाकून. गुरुजींच्या हातातली बशी खाली पडली.

म्हटलं, 'परसराम!' तो हसतच. म्हटलं, 'तुला माझी पोरगी आठवत नाही का रे?' तर आणखी जोरानं!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोललो ते इथं लिहिणार नाही. शेवटी म्हटलं, 'ऊठ. नीघ इथून. पुन्हा तोंड दाखवू नको.' उठताना त्यानं खांबाला धरलं. पुढच्या कादंबरीचे तुकडे आल्याबरोबरच वाटले होते, त्यातलं पोट काखेत घेऊन गेला. वळून पाहिलं नाही. ओसरीवरून उतरतानाही हसत होता.

निर्मला विचारते आहे, काय झालं. काय सांगू हिला?

२६ एप्रिल

राग उतरला नाही. उतरावा असं वाटतही नाही.

३० मे, रविवार

मी आणि गुरुजी. गुरुजींच्या अंगावर काटा आला. पोट परसरामकडेच आहे, त्यामुळे डोकं वाचलं आणि शेपूट वाचलं. डोक्यात लग्न ठरतं, शेपटात नवरदेव तुरुंगात! मधे काय झालं देव जाणे. गुरुजी म्हणाले, 'जाऊन घेऊन या ना यादोराव. नाक कापलं जाते का?' मी म्हटलं, वाचनालयातर्फे नोटीस पाठवीन. गुरुजींनी हात जोडले.

२७ जून, रविवार

बैठक झाली. गुरुजी म्हणाले, 'चांगली आहे.' मी अट काढली नाही. म्हटलं, हो, चांगली आहे.

जुलै — तारीख पाहिली नाही, बाजाराचा दिवस

आज बाजारात परसराम दिसला. चालणं पाहून ओळखलाच नाही. टाचा जमिनीला टेकत नव्हत्या, कोंबड्यासारखा चवड्यांवर चालत होता. कुणाचा तरी धक्का लागला आणि उताणा पडला, कांद्याच्या ढिगावर. हात टेकवायचंही सुचलं नाही त्याला. 'ढोसून आला,' कांदेवाली ओरडली. लोक हसले. पंचफुला, त्याची बायको, काखेत हात घालून उठवत होती. तिनं मला पाहिलं. मी वांगी निवडत राहिलो.

म्हणजे दारू! तरीच. एकदा दारू लागली की पुस्तक कायचं आणि पोरगी कायची! बरं झालं काढला. हजारदा बरं झालं.

वांगी किडकी निघाली. निर्मला बोलली. मी जेवलो नाही.

१४ ऑगस्ट, शनिवार

आज संध्याकाळी पंचफुला वाचनालयात आली. धानाच्या रोवणीहून सरळ आली होती, लुगड्याला चिखल. कापडात गुंडाळलेलं पोट टेबलावर ठेवलं.

'हे तुमचं घ्या भाऊ. आणीन आणीन म्हणता राहून गेलं.'

मी पानं मोजल्यासारखं करत होतो. ती जाईना.

'भाऊ, तुमी त्यायले काहून हाकललं?'

म्हटलं, 'वहिनी, त्यालाच विचारा. आणि पिणं सोडायला सांगा.'

'ते पेत नाहीत.' पदरानं तोंड पुसलं. 'थेंब नाही पेत भाऊ, बाबासाहेबाच्या फोटोवर हात ठेवून सांगतो. माणूस पडला का लोकायले दारूच दिसते. हातात चमचा राहात नाही त्यायच्या. अंगीच्या गुंड्या मी लावून देतो. आणि हसू आलं तं थांबतच नाही. पोराले ताप होता तवा हसले. माही माय मेली तवा हसले. हसता हसता डोळ्यातून पाणी. मले म्हणाले, पंचे, मी हासून नाही राहिलो वं. माहं तोंडच हासून राहिलं.'

मी खुर्चीत बसलो.

'तुमच्याकडून आले त्या दिवशी भिताडाकडं तोंड करून बसले. म्हणाले, यादोले सांगता येत नाही.'

ती गेली. मी टेबलावरचा कंदील पुसत बसलो. काच फुटेपर्यंत पुसली.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं आणि तसाच गुरुजींना घेऊन त्याच्या घरी गेलो. परसराम खाटेवर. चेहरा पाटीसारखा कोरा. आनंद नाही, राग नाही, ओळखलं की नाही तेही समजेना. मग हात उचलला, अर्ध्यावर थांबला, पुन्हा उचलला. बाजूला सरकून मला बसायला जागा केली.

मला बोलायचं होतं. बसलो.

१९ ऑगस्ट. पोळा

काल नागपूरहून आलो. मोठ्या दवाखान्यात नेलं होतं, मी आणि पंचफुलानं. गावातल्या वैदानं बाहेरची बाधा सांगितली होती, लिंबू उतरवून झाले होते.

तरुण डॉक्टर होता. त्यानं परसरामला चालायला लावलं, मागं पाऊल टाकायला लावलं, नाव लिहायला लावलं. परसरामचा 'प' जरा मोठा, 'म' टाचणीच्या टोकाएवढा. डॉक्टरनं मान हलवली. 'काम काय करतात?' सांगितलं. 'तोंडाला फडकं बांधत होते?' पंचफुला म्हणाली, 'बांधत होते ना. रुमाल.' त्यानं कागदावर रोगाचं नाव लिहिलं. मग मला बाहेर बोलावून म्हणाला, त्या दगडाची धूळ श्वासातून जाऊन मेंदूत बसते. सगळ्यांना होतं असं नाही, ज्याला होतं त्याला होतं. आधी चिडचिड, झोप जाणं, कारण नसताना हसणं. मग चाल, चेहरा, आवाज, अक्षर. मी म्हटलं, 'अक्षरसुद्धा?' म्हणाला, 'अक्षर तर आधीच सांगते. घरात कुणी पाहिलं नाही का?'

मी पाहिलं होतं! भिंग घेऊन पाहिलं होतं. आम्ही काय समजलो? शेपूट आधी आलं म्हणून रस गेला! तो हसला तर भांगेचा दोष, गप्प बसला तर तुकड्यांचा दोष. दोघे शहाणे!

विचारलं, बरा होईल का? म्हणाला, तिथं पाऊल ठेवू देऊ नका. आहे तिथं थांबलं तरी नशीब समजा.

गावात बैल सजले आहेत. मी घरातच बसलो. माझ्या मित्राला मी हाकललं. तो आजारी होता आणि मी त्याला हाकललं.

२९ ऑगस्ट, रविवार

बैठक परसरामच्या घरी. आता दर महिन्याला तिथंच. त्याचा हट्ट एकच, बारा पूर्ण करायच्या. मधल्या राहिलेल्यासुद्धा. पुस्तक हातात राहत नाही, म्हणून पंचफुला वाचून दाखवते. ती सातवी शिकलेली, मोठ्यानं वाचते, शेजारी ऐकायला येतात.

तिथं जेवलो. घोळाची भाजी, भात. घरी आलो तर आईनं अंगणात अंघोळीचं पाणी काढून ठेवलेलं. मी अंघोळ केली नाही. आई बोलत नाही.

३१ ऑगस्ट

आई अजून बोलत नाही. निर्मला बोलते. म्हणाली, 'पुढच्या वेळी मलेही घेऊन चला.'

२६ सप्टेंबर, रविवार

पंचफुलाचं मत विचारलं. आधी लाजली. मग म्हणाली, 'मले तं तो मोठा भाऊच आवडला.' आम्ही तिघांनी त्याला खलनायक ठरवलेला! 'काहून?' म्हटलं. 'तो खोटा आहे, लबाड आहे. पण घरात धान आहे का नाही ते त्यालेच माहीत असते. बाकीचे नुसते उसासे टाकते.' गुरुजी वाद घालायला लागले. ती हटेना. परसराम बसल्या जागी तिच्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, पण त्याला मजा वाटत होती हे मला समजलं. पंचवीस वर्षं ओळखतो त्याला.

३१ ऑक्टोबर, रविवार



परसराम बोलायला लागला की आम्ही थांबतो. एक शब्द, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. घाई केली तर तोही जातो. आज म्हणाला, 'एप्रिलची... ते पोरीची. माहं मत... राहिलं.'

गुरुजी म्हणाले, 'राहू दे रे आता.' मी म्हटलं, 'सांग.'

'लेखकानं... बापाले... लवकर शहाणा केला. पोरगी गेली... आन् हा आठ दिवसात... शाळेत गेला. पोरायले शिकवून राहिला.' थांबला. लाळ गळली, पंचफुलानं पुसली. 'तू... कचेरीत... कोरे कागद घेऊन बसत होता. किती दिवस. दौत उघडी... लिहीत नव्हता. मी खिडकीतून... पाहून जात होतो.'

मला माहीत नव्हतं. कुणी पाहतं आहे हे मला माहीत नव्हतं.

'त्या दिवशी तू वाचत होता... तवा मले रडू आलं, यादो. ते... उलटं निघालं.'

मी उठून त्याच्या पायाशी बसलो आणि पोरासारखा रडलो. गुरुजीही रडले. निर्मला आली होती सोबत, ती आत चुलीपाशी पंचफुलाजवळ जाऊन बसली. परसरामचा हात माझ्या डोक्यावर आला. जड. मग तो हसायला लागला. जोरजोरात, मान मागं टाकून. या वेळी कुणी उठलं नाही. संपेपर्यंत बसून राहिलो.

७ नोव्हेंबर

परसरामच्या औषधपाण्याचं विचारायला शेठकडे गेलो होतो, गुरुजी आणि मी. शेठ गोड बोलला. चहा पाजला. म्हणाला, 'बाकी इतने लोग काम करते हैं, सब हट्टेकट्टे हैं. उसका अपना कुछ रोग होगा.' डॉक्टरचा कागद हातात घेतला नाही. गुरुजी बाहेर आले आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शिवी ऐकली.

२१ नोव्हेंबर

कापणी सुरू. पंचफुला आंधळगावकडे धान कापायला जाते, अंधारात निघते. कापणी संपली की काय? तिला आमचं काही घेववत नाही. निर्मलानं तांदूळ पाठवले तर परत आले, वरून वाटीभर भाजी.

शाळेत शिपायाची जागा निघते आहे. बाई चालेल असं गुरुजी म्हणतात. त्यांचं वजन आहे, कमिटीतला एक माणूस त्यांचा विद्यार्थी. अर्ज मी लिहिला, माझ्या उत्तम अक्षरात. अर्जच पाहून देतील! परसरामला सांगितलं, 'वहिनी शाळेत लागल्या समज.' त्याचे डोळे भरले. डोळे अजून त्याचेच आहेत.

२८ नोव्हेंबर, रविवार

अकरावी झाली. राहिलेल्याही झाल्या. परसरामनं अकरावीला 'बरी आहे' म्हटलं. मी म्हटलं, अट? तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, 'बरी... नाही.' हसलो सगळे.

१२ डिसेंबर

गुरुजी म्हणतात कमिटीची सभा पुढं गेली. नव्या वर्षात होईल. काळजीचं कारण नाही.

२६ डिसेंबर, रविवार

बारावी! झाली पैज पूर्ण. आज सगळे आमच्या घरी. मी आईला काल सांगून टाकलं, कोनाड्यातला कप काढ, नाहीतर मीही त्यातच पीन. आई देवघरात जाऊन बसली. सगळे आले तरी बाहेर आली नाही. चहा निर्मलानं केला, सगळे कप सारखे. निघताना मात्र आई दारात आली आणि परसरामला म्हणाली, 'कसा रे झाला तू!' आणि डोळ्याला पदर लावला. तो तिच्याकडे पाहत उभा राहिला.

बारावीवर जोरात वाद झाला. गुरुजींना काटा, मला राग, पंचफुलाला झोप. परसरामचं मत ऐकता ऐकता दिवे लागले. म्हणाला, 'हा लेखक... थांबते. घाई नाही करत. मले... असा पाह्यजे.' आवाज इतका बारीक की निर्मलानं चुलीवरचं आधण उतरवून ठेवलं, ऐकू यावं म्हणून.

पुढच्या वर्षी पुन्हा बारा! पुस्तकाचे चार तुकडे करू, चौथा पंचफुलाचा. डॉक्टर म्हणाला होता त्याप्रमाणे परसराम आहे तिथं थांबला आहे, वाढलेलं नाही. निघताना मी म्हटलं, 'शाळेचं झालंच समज रे.' फार दिवसांनी शांत झोप लागेल असं वाटतं.

७ जानेवारी १९८३

सभा झाली. जागा कमिटीच्या सभापतीच्या पुतण्याला. गुरुजी तोंड लपवून बसले आहेत. परसरामच्या घरी कोण सांगणार? गुरुजी म्हणतात तुम्ही, मी म्हणतो तुम्ही.

१७ जानेवारी, सोमवार

आज कचेरीतून येताना फाट्यावर चक्कीचा ट्रक थांबला. बाया उतरल्या, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या. एकीनं हाक मारली, 'भाऊ!' ओळखलंच नाही. जवळ आली, तोंडावरचा रुमाल सोडला. पंचफुला.

'शेठनं त्यायची जागा मले देल्ली. घरी सांगू नका भाऊ. त्यायले वाटते, मी शाळेत लागली.'